मागच्या सीटवरचे पाय

ताईंचे बूट आतल्या कडेने झिजतात. कोपऱ्यावर बूट दुरुस्त करायला बसणाऱ्या म्हाताऱ्याला हे पहिल्यापासून चमत्कारिक वाटत आलं आहे. चालणाऱ्या माणसाचा बूट टाचेला झिजतो, तोही बाहेरच्या बाजूने. ताईंचा अंगठ्याच्या बाजूने, कानस फिरवल्यासारखा. म्हातारा जुन्या टायरचा तुकडा कापून तळाला ठोकतो, खिळे आत वळवतो आणि दर वेळी तेच विचारतो.

"ताई, तुम्ही चालता तरी कशा?"

"चालत नाही," ताई म्हणतात. "घासते."

ताई बायकांना स्कूटर शिकवतात. गावाच्या कडेला बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना आहे. त्याच्या मागे ट्रक वळवण्यासाठी केलेलं काँक्रीटचं मैदान आहे, मैदानाच्या तोंडाशी वजनकाटा आणि काट्याला लागून एक पत्र्याची खोली. कारखाना चालू होता तेव्हा ताई त्याच खोलीत बसून ट्रकांचं वजन करत. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक म्हणजे बर्फ. उन्हाळ्यात गेटपर्यंत पोचता पोचता फरकातलं थोडं पाणी होऊन जायचं आणि त्यावरून भांडणं व्हायची. कारखाना बंद झाला, ट्रक गेले, मशिनरी भंगारात गेली. मैदान उरलं आणि वॉचमन उरला. ताई जिच्यावरून कामावर येत ती छोटी स्कूटरही उरली.

पहिली शिकाऊ शेजारीण होती. ती म्हणाली, मला जरा शिकवता का, नवरा शिकवताना ओरडतो. ताईंनी शिकवलं. मग तिची जाऊ आली, जावेची मैत्रीण आली. सगळ्यांची तक्रार एकच, घरातला पुरुष शिकवताना ओरडतो. ताई ओरडत नाहीत. त्यांच्यात तेवढी ताकद संध्याकाळपर्यंत उरतही नाही.

त्यांची पद्धत अशी. शिकणारी पुढे बसते, ताई मागे. ताई अंगाने उंच आहेत, पाय लांब. मागच्या सीटवर बसूनही त्यांचे तळवे जमिनीला लागतात. गाडी सुरू झाली की ते पाय दोन्ही बाजूंना, जमिनीच्या बोटभर वर राहतात. गाडी डावीकडे कलली की डावा पाय घासतो, उजवीकडे कलली की उजवा. पुढच्या बाईला वाटतं, आपण गाडी सांभाळली. ती खूश होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते.

"लहान मुलांच्या सायकलीला मागे दोन चाकं असतात ना," वॉचमन सांगतो, "तशा आमच्या ताई."

शिकाऊ बायकांची नावं ताईंच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्या स्वतःच ठेवतात. एक होती ब्रेकवाली, एक होती आरसा, कारण तिला रस्त्यापेक्षा आरशात बघायला आवडायचं. सध्या आहे ती आईगं. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करते, पेशंटच्या तोंडात नळी धरते. वय पंचेचाळिशीच्या पुढे. प्रत्येक वळणावर "आई गं!" म्हणते. सगळा हिवाळा ती आली, आणि वळण काही तिला येईना.

ताईंच्या शिकाऊ बायकांबद्दल गावात एक गोष्ट प्रसिद्ध होती. लायसन्सच्या परीक्षेत त्या पहिल्यांदा नापास होतातच. इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवायची असते, त्यात पाय टेकायचा नसतो. ताईंची शिकाऊ अर्ध्या आकड्यात आडवी. दुसऱ्या वेळी, कधी तिसऱ्या वेळी, कशाबशा सुटतात. ताईंनी याचं कारण केव्हाच शोधून ठेवलं होतं. तिथला इन्स्पेक्टर खडूस आहे.

हिवाळा सरता सरता दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. उजव्या गुडघ्याने जिना चढायला नकार दिला, आणि स्कूटरने सुरू व्हायला.

गुडघ्याचं डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. आतली गादी झिजली आहे. चाला, बसा, हरकत नाही. आडवा झटका मात्र बसता कामा नये. बसत राहिला तर पुढे ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर स्कूटरचा विषय काढायचा नाही.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बसून असतं," ताई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

स्कूटरचं मेकॅनिकने सांगितलं. त्याला सगळे पान्हा म्हणतात. उंचीने बेताचा, डोकं मोठं, म्हणून. त्याने इंजिन उघडलं, बोट फिरवून बघितलं आणि पुन्हा झाकून ठेवलं.

"ताई, हिला आता शांतपणे जाऊ द्या. पार्ट मिळत नाहीत. मी किती वेळा मेलेलीला उठवू?"

"नवी कोणती घेऊ? लहान की मोठी?"

"छोटी घ्या. मोठी घेऊन काय करणार? नाकापेक्षा मोती जड. तुमची शिकाऊ पाडणार, ती पळून बाजूला उभी राहणार, आणि उचलणार कोण? तुम्ही."

घरी नेमका उलटा सल्ला मिळाला. ताईंचे यजमान रंगाच्या दुकानात स्टोअरकीपर होते, आता घरी असतात. अंगाने भरलेले आहेत, आणि स्कूटर त्यांनी जन्मात चालवलेली नाही. म्हणूनच की काय, स्कूटरविषयी त्यांची मतं पक्की असतात.

"मोठी घ्यायची," ते म्हणाले. "सीट रुंद, शॉक मऊ. जुनीवर मागे बसलो की माझी अर्धी मांडी हवेत."

"तुमच्यासाठी घ्यायची आहे का?"

"माझ्यासाठीच असं नाही. पण माझी बहीण तिकडे टोकाला राहते. बस दोनदा बदलावी लागते. मोठी गाडी असली की आपण दोघं निवांत जाऊ. तुझी पाठही दुखणार नाही."

"पाठ नाही दुखत. गुडघा दुखतो."

"तेच. शॉक मऊ असले की सगळंच कमी दुखतं."

मुलगी दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. तिचं फोनवरून एकच म्हणणं. "आई, या वयात हलकी गाडी नको. बाजूने ट्रक गेला तरी उडशील."

"मी मैदानात असते गं. तिथे ट्रक येत नाहीत आता."

"तरीही. बाबांचं ऐक एकदा तरी."

"ऐकतेच आहे. उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय त्यांचं, तेच ऐकतेय."

"मी ऐकतोय," यजमान आतून म्हणाले.

खरा प्रश्न बापलेकींपैकी कोणीच काढत नव्हतं, आणि ताईंनीही तो बोलून दाखवला नाही. यजमानांची पेन्शन नावालाच आहे. घर चालतं ते मैदानावर. मैदान चालतं ते ताईंच्या पायांवर. पाय गेले की सगळं गेलं. आता कोणत्या गाडीवर हे पाय जास्त दिवस टिकतील, एवढंच ठरवायचं होतं.

शोरूममध्ये दोघं दुपारी गेले. फरशी इतकी चकचकीत, की ताई भिंतीच्या कडेने चालल्या. विक्रेता चाळिशीचा, जेवण करून आलेला, डोळ्यांवर झापड. शर्टावरून कमरेला रुंद पट्टा बांधलेला. दिवसभर गाड्या इकडच्या तिकडे सरकवून त्याची कंबर गेली होती. त्याने लहान गाडी दाखवली, मोठी गाडी दाखवली, दोन्हींचे गुण एकाच सुरात सांगितले आणि म्हणाला, "बसून बघा, बाई."

"तुम्ही बसा," ताई म्हणाल्या.

"मी?"

"पुढे तुम्ही बसा. मी मागे बसून बघते."

विक्रेत्याने यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी मोठ्या गाडीच्या आरशात पाहिलं.

"गाडी मग चालवणार कोण?" विक्रेत्याने विचारलं.

"शिकणारी."

तो पट्टा सावरत लहान गाडीवर बसला. ताई मागे बसल्या. दोन्ही पाय खाली सोडले. तळवे फरशीवर आले, पूर्ण नाही तरी चवडे नीट. त्यांनी गाडी डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. विक्रेता पुढे पिशवीसारखा हलला.

"लोक बघतायत," यजमान हळूच म्हणाले.

"बघू द्या. विकत घेताना बघायचंच असतं. आता मोठी."

मोठ्या गाडीची मागची सीट उंच होती आणि रुंदही. मांड्या फाकल्या आणि पाय आखूड झाले. ताईंनी चवडे खाली ताणले. फरशी वीतभर लांब राहिली. त्यांनी आणखी ताणले तशी गुडघ्यात कळ आली, आणि त्या थांबल्या.

"सीट खाली करून मिळते का?"

"नाही हो. कंपनीने दिली तशीच. पण तुम्हाला पाय टेकायचेत कशाला?" विक्रेत्याला खरोखरच कळत नव्हतं. तो मान वळवून वाकला आणि दोन्ही बाजूंच्या घड्या केलेल्या पायदांड्या त्याने बोटाने उघडल्या. "हे बघा. मागे बसणाऱ्याने पाय इथे ठेवायचे. त्यासाठीच दिलंय."

ताईंनी पाय दांडीवर ठेवले. क्षणभर बसून राहिल्या. इतक्या वर्षांत मागच्या सीटवर त्या अशा कधी बसल्या नव्हत्या. मग त्यांनी पाय उचलून घेतले आणि खाली उतरल्या.

"कळवतो," यजमान म्हणाले. न घेता निघताना म्हणायचा शब्द त्यांना ठाऊक होता.

परत येताना बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या होत्या. सोपं होतं सगळं. लहान गाडी घेतली तर पाय जमिनीला लागणार, आणि लागणार म्हणजे रोज झटके बसणार, गुडघा वर्षभरही टिकणार नाही. मोठी घेतली तर पाय जमिनीला लागणारच नाहीत. गुडघा वाचेल. मग शिकवायचं कसं?

"मोठी छान होती," यजमान म्हणाले.

ताईंना डुलकी लागली होती.

गाडी नाही तोवर मैदान रिकामं. शिकाऊ बायकांना ताईंनी सांगून टाकलं, थोडे दिवस थांबा. बाकीच्या थांबल्या. आईगं थांबली नाही. तिच्याकडे स्वतःची गाडी होती, नवी, न वापरलेली, आवारात ताडपत्रीखाली. मोठीच होती. तिच्या थोरल्या भावाने आणून दिली होती. मोठी म्हणजे सुरक्षित, असं त्याचं मत. ती चालवता येईपर्यंत बहिणीने तिला हात लावू नये, हेही त्याचंच मत.

"ताई, माझ्या गाडीवरच शिकवा ना," ती म्हणाली. "दवाखाना दुसरीकडे चाललाय. बस जात नाही तिथे. मला येत नसेल तर डॉक्टर दुसरी बघतील."

संध्याकाळी भाऊ स्वतः गाडी घेऊन मैदानात आला. मागे बहीण, पर्स छातीशी धरून. गाडी स्टँडवर लावून तो वॉचमनशेजारी जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "शिकेल का हो ही? लहानपणी सायकलसुद्धा नाही आली. पालथ्या घड्यावर पाणी आहे."

"दादा, तू जा बघू," आईगं म्हणाली.

"गाडी कोण आणणार मग परत? मी थांबतो."

ताई मागे बसल्या. शोरूममधल्यासारखंच. पाय खाली सोडले, ते हवेत राहिले. त्यांनी सांगायला हवं होतं, की आज माझे पाय लागत नाहीत. पण पाय लागतात हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे लागत नाहीत हे कसं सांगायचं, त्यांना सुचलं नाही.

"ताई, धरलंय ना?"

"धरलंय. सोड हळूहळू ब्रेक."

गाडी निघाली. सरळ जाणं आईगंला जमायचं. कारखान्याची भिंत जवळ आली, वजनकाटा आला. तिथे उजवीकडे वळायचं होतं. तिने मान वळवली, खांदे आवळले, हँडल मात्र अर्धंच वळवलं. गाडी लटपटली. ताईंचा उजवा पाय सवयीने बाहेर गेला, जमीन शोधत खाली गेला आणि त्याला काहीच सापडलं नाही. जड गाडी कलत चालली. ताईंनी दात आवळले. पायाखाली काही नव्हतं, म्हणून गुडघ्यालाही काही झालं नाही. एवढंच त्यांच्या लक्षात आलं.

थप्प असा आवाज झाला. गाडी उभी होती. तिरकी, पण उभी.

"ताई," आईगं म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "टेकला."

"काय टेकला?"

"पाय. माझा."

ताईंनी वाकून पाहिलं. आईगंची उजवी चप्पल काँक्रीटवर पूर्ण रोवलेली होती, अंगठा आत वळलेला. पुढची सीट मागच्यापेक्षा खाली होती. तिचा पाय पोचत होता. तो नेहमीच पोचत असणार.

"आई गं म्हणाली नाहीस," ताई म्हणाल्या.

"वेळच नाही मिळाला."

दुसऱ्या फेरीत तोच कोपरा. तिने पुन्हा पाय टेकला, पण उशिरा. तिसऱ्या फेरीत गाडी डगमगली आणि पाय न टेकता सरळ झाली. पुढे एकदा ती भिंतीकडे इतकी जवळ गेली, की ताईंनी डोळे मिटले. भावाने वॉचमनशी बोलणं थांबवलं होतं. अंधारायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "आज तुम्ही जोर कमी लावलात का ताई? गाडी एकदम माझ्या हातात आल्यासारखी वाटली."

"कमी लावला," ताई म्हणाल्या.

उतरताना त्यांनी उजवा पाय आधी टेकला आणि गुडघा धरला. तो नेहमीइतकाच दुखत होता. जास्त नाही.

भाऊ आला. "पडली नाही म्हणजे मोठंच काम झालं," तो म्हणाला. "तुम्ही मागे होतात म्हणून हो. नाहीतर हिचं काही खरं नव्हतं."

आईगं ताईंकडे बघत होती. त्यांना तेव्हा बसायला जागा हवी होती, बोलायला नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्या पान्ह्याच्या दुकानात गेल्या आणि उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसल्या.

"एक सांग. माझ्या बायका परीक्षेत पहिल्यांदा नापास का होतात?"

पान्हा चेन पुसत होता. "इन्स्पेक्टर मागे बसत नाही म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे ताई. तुमच्या पायांवर शिकतात त्या. तुम्ही उतरलात की त्या पडतात. तुमच्याकडून शिकून गेलेली पहिल्या महिन्यात पुढचा दिवा फोडतेच. लिव्हर वाकवतेच."

"आणि तू इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?" पान्ह्याने फडकं झटकलं. "शिवाय दिवा बसवायचा तर मीच बसवतो ना. माझ्या पोटावर मीच पाय आणू?"

ताई हसल्या नाहीत. त्यांना राग आला असावा, पण तो आणायलाही बळ लागतं. त्या म्हणाल्या, "मग मी मागे बसलेच नाही तर?"

"तर लहान घ्या. पुढे बसणारीचे पाय नीट टेकले पाहिजेत आणि पडली तर तिची तिला उचलता आली पाहिजे. मोठी तिला उचलणार नाही, आणि आता तुम्ही उचलायची नाही."

त्याच्या दुकानात येणारे दिवे कमी होतील, हे बहुधा बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो पुन्हा चेनकडे वळला.

लहान गाडी आली. यजमानांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, सीट हाताने मोजून पाहिली.

"मग मी?"

"तुम्ही बसने."

"वा. आयुष्यभर परक्या बायकांच्या मागे बसलीस. नवऱ्याला मागे बसवायची वेळ आली तर गाडी लहान पडली."

"तुम्ही मावता हो. पोट मावत नाही."

ते दोन दिवस कमी बोलले. तिसऱ्या दिवशी बहिणीकडे जाऊन आले, बस दोनदा बदलून. आले ते कण्हत, पण ताईंनी पाणी आणून दिल्यावर सांगू लागले, की दुसऱ्या बसमध्ये कारखान्यातला जुना फोरमन भेटला होता आणि वेळ चांगला गेला.

मैदानात आता ताई उभ्याही राहत नाहीत. वजनकाट्याच्या खोलीत त्यांचीच जुनी लोखंडी खुर्ची पडली होती, जिच्यावर बसून त्या ट्रकांचं वजन करत. वॉचमनने ती बाहेर काढली, गंज खरवडला. ती मैदानाच्या कडेला, मातीवर मांडली आहे. ताई तिच्यावर बसून सांगतात. "हँडल सोडून भिंतीकडे बघू नकोस." "पाय खाली घे. दोन्ही नाही, एक." "पडलीस तर पडलीस. आता उचल. आधी हँडल वळव, मग उचल."

हे सगळ्यांना आवडलं असं नाही. दोघी सोडून गेल्या. एक जण तोंडावर म्हणाली, "ताई, तुम्ही मागे बसत नाही तर तुमच्याकडे कशाला यायचं? ओरडायला घरी नवरा आहे." ताई म्हणाल्या, "मी ओरडत नाहीये." पण खुर्ची लांब आहे, आवाज चढवावाच लागतो. ते त्यांनाही कळतं. नव्या बायका कमी येतात. मागे बसणाऱ्या ताई अशी ख्याती होती. खुर्चीतल्या ताईंची अजून काही ख्याती झालेली नाही.

आईगं मोठी गाडी घेऊन परीक्षेला गेली. आठचा आकडा तिने पाय न टेकता पूर्ण केला. तरी नापास झाली. वळताना हात दाखवला नाही, म्हणून. तिथून ती थेट मैदानात आली. गाडी भाऊच चालवत होता.

"खडूसच आहे तो इन्स्पेक्टर," ती म्हणाली.

"मी इतकी वर्षं तेच सांगतेय," ताई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं.

पुढच्या खेपेला ती पास झाली. आता नव्या दवाखान्यात गाडीने जाते. वळणावर अजूनही "आई गं" म्हणते, पण वळते. भाऊ म्हणतो, मोठी गाडी घेऊन दिली म्हणून शिकली. ती त्याच्याशी वाद घालत नाही.

गुडघा बरा झालेला नाही. डॉक्टर म्हणतात, बरा होण्यातला नाही, पण होता तिथेच थांबला आहे. काम तेच का, त्यांनी विचारलं. तेच, बसूनच असतं, ताई म्हणाल्या.

बूट दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे मात्र त्या गेल्या महिन्यातही जाऊन आल्या. त्याने उजवा बूट उलटा करून पाहिला. आतली कड गेली होती.

"आता तर तुम्ही खुर्चीत बसता म्हणे."

"बसते."

"मग हे?"

खुर्चीसमोर दोन ओळी उमटल्या आहेत, मातीत, बोटभर खोल. उजवी जास्त खोल आहे. मैदानात कोणाची गाडी कलली की ताईंचा पाय आपोआप बाहेर जातो आणि जमिनीला घासतो. हे कळल्यापासून त्या काळजी घेतात. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांमध्ये एक आडवी लोखंडी दांडी आहे. वजनाच्या खोलीत बसत तेव्हा ती कशासाठी आहे, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिच्यावर दोन्ही पाय चढवून त्या बसतात.

आज एक नवी आली आहे. हिला अजून नाव पडलेलं नाही. ती निघते, वजनकाट्यापाशी पोचते, उजवीकडे वळते. गाडी डगमगते.

ताईंचा पाय दांडीवरून खाली येतो. त्या दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून तो उचलतात आणि पुन्हा दांडीवर ठेवतात.

"टेक," त्या ओरडतात. "तुझा टेक."